मेंदूतील वाटा : मायलिन, श्वेतद्रव्य आणि भाषाव्यवहार

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• करडे द्रव्य आणि श्वेतद्रव्य यांतील भेद सांगता येईल.
• चेतातंतूतून संदेश कसा जातो आणि मायलिनमुळे त्याचा वेग का वाढतो, हे स्पष्ट करता येईल.
• भाषाव्यवहारात श्वेतद्रव्यातील वाटांचे स्थान उदाहरणांसह विशद करता येईल.
• वाचाघात, वाचनलोप आणि उच्चारदोष यांत फरक करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भाषाविज्ञानात ‘भाषा आणि मेंदू’ हा विषय निघाला की दोन नावे हमखास येतात. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये पॅरिस येथे मेंदूच्या डाव्या गोलार्धाच्या पुढील भागातील इजा आणि बोलण्याची असमर्थता यांचा संबंध दाखवला. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी त्याच गोलार्धाच्या कानाजवळील, मागच्या भागाचा संबंध भाषेच्या आकलनाशी जोडला. परीक्षेत या विषयावर प्रश्न आला की विद्यार्थी मेंदूची आकृती काढतात, तीत दोन वर्तुळे दाखवतात आणि त्यांना जोडणारी एक रेषा ओढतात. वर्तुळांविषयी पानभर लिहिले जाते. रेषेविषयी मात्र कोणी काही लिहीत नाही.

प्रस्तुत घटकाचा विषय ती रेषा हा आहे. ती कशाची बनलेली असते, तिच्यातून संदेश कसा जातो, ती तुटली तर भाषेचे नेमके काय होते आणि ती प्रौढ वयातही घडू शकते काय, या चार प्रश्नांचा आपण क्रमाने विचार करू. भाषा काही केंद्रांत ‘साठवलेली’ असते, ही समजूत पुरेशी नाही; केंद्रांना जोडणाऱ्या वाटा हाही भाषेचा शरीरातील आधार आहे, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

१. करडे द्रव्य आणि श्वेतद्रव्य

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. चेतापेशीचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. पहिला पेशीकाय, म्हणजे पेशीचे मुख्य शरीर. दुसरा वृक्षिका, म्हणजे इतर पेशींकडून संदेश घेणारे फांद्यांसारखे तंतू. आणि तिसरा अक्षतंतू, म्हणजे संदेश पुढे नेणारा लांब तंतू. काही अक्षतंतू मिलिमीटरहूनही आखूड असतात, तर कमरेजवळील मेरुरज्जूपासून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या तंतूची लांबी सुमारे १ मीटर भरते.

मेंदूचा छेद घेतला असता दोन रंगांचे भाग नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतात. बाहेरच्या बाजूस २ ते ४ मिलिमीटर जाडीचा घड्या पडलेला करडा थर असतो. येथे पेशीकाय आणि वृक्षिका यांची दाटी असते. यालाच करडे द्रव्य म्हणतात. त्याच्या आत पांढुरका भाग पसरलेला असतो. तो मुख्यतः अक्षतंतूंच्या जुडग्यांचा बनलेला असून त्याला श्वेतद्रव्य म्हणतात. प्रमस्तिष्काच्या आकारमानाचा सुमारे निम्मा भाग या श्वेतद्रव्याने व्यापलेला असतो. तरुण व्यक्तीच्या श्वेतद्रव्यातील तंतू एकापुढे एक जोडले, तर त्यांची लांबी दीड लाख किलोमीटरांच्या घरात जाते, असा अंदाज आहे. मेरुरज्जूत हीच रचना उलट असते. तेथे करडे द्रव्य आत आणि श्वेतद्रव्य बाहेर असते.

श्वेतद्रव्याला पांढरा रंग येतो तो मायलिनमुळे. मायलिन हे अक्षतंतूभोवती गुंडाळलेले स्निग्ध आवरण होय. त्यातील पाण्याचा अंश वगळला, तर उरलेल्या भागात ७० टक्क्यांहून अधिक मेदद्रव्ये आणि बाकी मुख्यतः प्रथिने असतात. अक्षतंतू स्वतः हे आवरण तयार करीत नाही. मेंदूत आणि मेरुरज्जूत ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी, तर त्यांबाहेरील चेतांमध्ये श्वान पेशी आपल्या पटलाचे वेढ्यांवर वेढे अक्षतंतूभोवती देतात. श्वान पेशी एका तंतूच्या एकाच तुकड्याला आवरण घालते. ऑलिगोडेंड्रोसाइट मात्र आपल्या अनेक शाखांनी एकाच वेळी अनेक तुकड्यांना आवरण घालते.

भाषेच्या अभ्यासकाने येथे संज्ञेकडेही लक्ष द्यावे. ‘मायलिन’ हे नाव जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडोल्फ फिरखो यांनी १८५४ मध्ये दिले. त्याच्या मुळाशी ‘मज्जा’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मराठीतही चेतातंतूंना ‘मज्जातंतू’ म्हणण्याची रूढी आहे. हाडातील मज्जा आत असते आणि हाड तिच्याबाहेर असते. मायलिन मात्र बाहेर असून तंतू त्याच्या आत असतो. नाव दिसण्यावरून पडले आणि टिकून राहिले. संज्ञेचा व्युत्पत्त्यर्थ म्हणजे वस्तूचे वर्णन नव्हे, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

२. मायलिन कसे कार्य करते?

चेतातंतूतून जाणारा संदेश हा विद्युत स्वरूपाचा असतो. पण तारेतून वीज वाहावी तसा तो वाहत नाही. अक्षतंतूच्या पटलात अतिसूक्ष्म द्वारे असतात. संदेश पोहोचला की ती उघडतात, बाहेरील सोडियमचे विद्युतभारित कण आत शिरतात आणि तेथील विद्युतदाब क्षणभर बदलतो. या बदलामुळे शेजारची द्वारे उघडतात, मग त्यांच्या शेजारची. आवरण नसलेल्या तंतूत हे कार्य प्रत्येक बिंदूवर नव्याने घडावे लागते. रांगेतील प्रत्येक माणसाने निरोप ऐकून पुढच्याच्या कानात सांगावा, तसा हा प्रकार आहे. निरोप पोहोचतो, पण वेळ लागतो.

मायलिनच्या आवरणामुळे दोन गोष्टी साधतात. पहिली अशी की, आतला विद्युतप्रवाह पटलातून बाहेर झिरपत नाही. दुसरी अशी की, पटलाची विद्युतभार साठवून ठेवण्याची क्षमता कमी होते, त्यामुळे पुढच्या भागातील दाब बदलण्यास फारच थोडा काळ पुरतो. मात्र आवरण सलग असते, तर काही अंतरानंतर संदेश क्षीण होऊन विरून गेला असता. म्हणून त्यात ठरावीक अंतराने लहान मोकळ्या जागा असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ रॅनव्हिए यांनी १८७०च्या दशकात त्यांचे वर्णन केले. त्यांना ‘रॅनव्हिएच्या गाठी’ म्हणतात. मोठ्या चेतांमध्ये दोन गाठींमधील अंतर सुमारे १ मिलिमीटरपर्यंत असते, तर प्रत्यक्ष मोकळी जागा त्याच्या हजाराव्या भागाएवढी, म्हणजे सुमारे १ मायक्रोमीटर असते. सोडियमची द्वारे या मोकळ्या जागांतच दाटीने असतात. संदेश तेथे पुन्हा जोमदार होतो आणि पुढच्या गाठीकडे जातो.

ओढ्यातील दगडांवर पाय देत पलीकडे जावे, तसा हा प्रवास असतो. जपानमध्ये इचिजी तासाकी यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस आणि इंग्लंडमध्ये हक्सली व स्टेम्पफ्ली यांनी १९४९ मध्ये केलेल्या प्रयोगांनी त्याला भक्कम आधार मिळाला. त्याला ‘प्लुतगती संवहन’ म्हणता येईल. ‘प्लुत’ म्हणजे उडी मारून गेलेला. ही उडी हे रूपक आहे, हे ध्यानात ठेवावे. दोन गाठींमधल्या भागातूनही विद्युतप्रवाह जातोच, फक्त तेथे त्याला थांबून नव्याने उभे राहावे लागत नाही. यात ऊर्जेचीही बचत होते, कारण आत आलेले सोडियमचे कण पुन्हा बाहेर टाकण्याचे काम गाठींपुरतेच करावे लागते.

या फरकाचा अनुभव आपल्याला ठेच लागते तेव्हा येतो. ठेच लागताच प्रथम तीव्र कळ उठते. ठणका मागाहून येतो आणि रेंगाळतो. कळ नेणाऱ्या तंतूंवर मायलिनचे पातळ आवरण असते आणि त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर असतो. ठणका नेणारे तंतू आवरणविरहित असतात; त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते २ मीटर एवढाच असतो. शरीरातील सर्वांत वेगवान आवरणयुक्त तंतूंत हा वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातो. मराठीने या दोन संवेदनांसाठी दोन वेगळे शब्द राखले आहेत. शरीरातही त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

आवरणाशिवाय वेग वाढवायचा तर एकच उपाय उरतो : तंतू जाड करणे. स्क्विड या सागरी प्राण्यात निसर्गाने तो योजला आहे. त्याचा महातंतू सुमारे अर्धा ते १ मिलिमीटर जाड असतो आणि त्यातून संदेश सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाने जातो. याच तंतूवरील संशोधनासाठी हॉजकिन आणि हक्सली यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्या मेंदूतील कोट्यवधी तंतू एवढे जाड असते, तर ते कवटीत मावलेच नसते. मायलिनमुळे बारीक तंतूंनाही वेग येतो, म्हणून थोड्या जागेत असंख्य वाटा सामावतात.

३. वेग आणि मराठी स्पर्शवर्ण

भाषेला एवढ्या वेगाची गरज का असते? याचे उत्तर आपल्या वर्णमालेतच आहे. ‘क’ आणि ‘ख’ यांतील फरक हा बऱ्याच अंशी काळाचा फरक आहे. स्पर्शवर्ण उच्चारताना अडवलेली हवा सुटते तो क्षण आणि स्वरतंतूंचे कंपन सुरू होते तो क्षण, यांत ‘क’च्या बाबतीत अल्प, तर ‘ख’च्या बाबतीत त्याहून लक्षणीय अधिक अंतर पडते. ‘ग’मध्ये कंपन हवा सुटण्यापूर्वीच सुरू होते. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये अकरा भाषांतील स्पर्शवर्णांचा हा काळ मोजला. त्या अकरा भाषांमध्ये मराठीचाही समावेश होता. ‘घ’सारखे सघोष महाप्राण वर्ण केवळ या मोजमापाने ‘ग’पासून वेगळे काढता येत नाहीत, हेही त्या अभ्यासात दिसून आले. ‘काल’ आणि ‘खाल’ यांत अर्थभेद घडवणारा काळ काही दशक मिलिसेकंदांचाच असतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

आता एक साधे गणित करून पाहा. मेंदूतील दोन भागांत १० सेंटिमीटर अंतर आहे असे समजू. सेकंदाला १ मीटर वेगाने संदेश गेला तर त्याला १०० मिलिसेकंद लागतील. सेकंदाला १० मीटर वेगाने गेला तर १० मिलिसेकंद पुरतील. पहिल्या स्थितीत केवळ प्रवासातच ‘क’ आणि ‘ख’ यांना वेगळे करणाऱ्या काळाहून अधिक काळ जाईल. सामान्य बोलण्यात आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे सहज उच्चारतो. प्रत्येक अक्षरासाठी ओठ, जीभ, टाळू आणि स्वरतंतू यांना जाणाऱ्या आज्ञा ठरल्या क्षणी पोहोचाव्या लागतात. म्हणून वेगाइतकेच महत्त्व मेळाला आहे. दिंडीत टाळ आणि मृदंग एका ठेक्यावर पडावे लागतात. कोणी नुसते जलद वाजवून भजन उभे राहत नाही.

४. वाट तुटते तेव्हा

वाटेचे महत्त्व ती तुटल्यावर नीट कळते. पुढील तीन उदाहरणे एकमेकांशी ताडून पाहा.

(अ) संवहन-वाचाघात : ब्रोका क्षेत्र आणि वेर्निके क्षेत्र यांच्या दिशेने जाणारा, कमानीसारखा वळलेला तंतूंचा एक जुडगा डाव्या गोलार्धात असतो. त्याचे शास्त्रीय नाव आर्क्युएट फॅसिक्युलस. आपण त्याला कमानी जुडगा म्हणू. दोन्ही केंद्रे शाबूत असूनही त्यांतील दुवा तुटला तर वेगळाच वाचाघात संभवेल, असे अनुमान वेर्निके यांनी १८७४ मध्येच केले होते. अमेरिकी चेताविज्ञ नॉर्मन गेश्विंड यांनी १९६५ मध्ये ‘तुटलेल्या जोडण्यां’चा हा विचार पुन्हा पुढे आणला. असा रुग्ण ओघवते बोलतो आणि ऐकलेले त्याला बरेचसे कळते. पण ‘माझ्यामागून म्हणा’ असे सांगितले की तो अडखळतो. ‘महाबळेश्वर’ म्हणावयास सांगितले तर ‘मबाहळेश्वर... महळा... महाळबे...’ असे प्रयत्न तो करील. आपण याला वर्णविपर्यय म्हणतो. आपले चुकते आहे हे त्याला कळते, म्हणूनच तो पुनःपुन्हा सुधारू पाहतो. ‘पाऊस थांबला’ हे वाक्य म्हणावयास दिले, तर कदाचित तो ‘आता पडत नाही’ असे म्हणेल. म्हणजे अर्थ पोहोचला, ध्वनिरूप पोहोचले नाही. (ही उदाहरणे स्पष्टीकरणासाठी रचलेली आहेत.)

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हा दोष केवळ कमानी जुडग्याच्या इजेनेच होतो, असे आज मानले जात नाही. त्या परिसरातील करड्या द्रव्याच्या इजेनेही तो उद्भवतो. तसेच चुंबकीय प्रतिमांच्या साहाय्याने २००५ मध्ये झालेल्या अभ्यासात, या दोन क्षेत्रांत थेट वाटेबरोबर मधल्या भागातून जाणारी दुसरी वाटही आहे, असे दिसले. आकृतीतील एक रेषा म्हणजे प्रत्यक्षात वाटांचे जाळे आहे.

(आ) वाचनलोप : फ्रेंच वैद्य देजरीन यांनी १८९२ मध्ये एका सुशिक्षित रुग्णाचे वर्णन केले. त्याला बोलता येई, ऐकलेले समजे, लिहिताही येई. पण स्वतः लिहिलेले वाचता येत नसे. त्याच्या मेंदूच्या डाव्या गोलार्धातील दृष्टीचा भाग निकामी झाला होता. उजव्या गोलार्धाला अक्षरे दिसत होती. परंतु ती डावीकडील भाषाक्षेत्रांपर्यंत नेणारी वाट तुटली होती. ही वाट दोन गोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसम या जाड पट्ट्याच्या मागील टोकातून जाते. दृष्टी होती, भाषा होती, लेखन होते. नव्हती ती केवळ दृष्टी आणि भाषा यांची भेट.

(इ) उच्चारदोष : मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणा मेंदूतील व मेरुरज्जूतील मायलिनवरच हल्ला करते. पॅरिसमध्ये शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे तपशीलवार विवेचन केले आणि त्याच्या लक्षणांत तुटक बोलण्याची नोंद केली. अशा रुग्णाच्या तोंडी ‘महाराष्ट्र’ हा शब्द ‘म – हा – रा – ष्ट्र’ असा अक्षरे सुटी होऊन येतो. शब्द बरोबर, व्याकरण बरोबर. आघात आणि लय तेवढी मोडलेली. म्हणून हा वाचाघात नव्हे, उच्चारदोष होय. २०२५ च्या आरंभी पुणे परिसरात रुग्ण वाढल्यामुळे चर्चेत आलेल्या गीयाँ-बारे सिंड्रोमच्या एका प्रमुख प्रकारातही मायलिनवरच हल्ला होतो. मात्र तो मेंदूबाहेरील चेतांवर असतो. तेथील श्वान पेशी पुन्हा आवरण घालू शकतात. त्यामुळे बरेच रुग्ण कालांतराने सावरतात.

या तिन्ही उदाहरणांचा व्यवहारातही उपयोग आहे. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला पक्षाघात झाला आणि तिचे बोलणे बिघडले की पुष्कळदा तिच्यासमोरच तिच्याविषयी असे बोलले जाते, जणू तिला काही कळतच नाही. बोलता न येणे, म्हणून न दाखवता येणे, वाचता न येणे आणि न कळणे या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांपैकी नेमके काय गेले आहे हे तपासल्याशिवाय ‘समज गेली’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे, आणि त्या व्यक्तीवर अन्यायही आहे.

५. वाटा घडतात कशा?

जन्माच्या वेळी मेंदूतील फार थोड्या तंतूंवर मायलिन असते. लाइपझिग येथील पाउल फ्लेखसिग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले की, हे आवरण सर्वत्र एकाच वेळी चढत नाही. संवेदना आणि हालचाल यांच्या वाटा आधी आवरणयुक्त होतात. निरनिराळ्या क्षेत्रांना जोडणाऱ्या वाटा नंतर. ही प्रक्रिया बाल्यात वेगाने होते आणि वयाच्या विशी-तिशीपर्यंत चालू राहते. यावरून ‘अमुक वाटेवर मायलिन चढले म्हणून मूल बोलू लागले’ असे सरळ कार्यकारण मांडू नये. भोवतालची भाषा कानांवर पडणे, कोणीतरी मुलाशी बोलणे, हेही तितकेच आवश्यक असते.

वाटा वापरामुळेही बदलतात. २०१४ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात, ज्या उंदरांत नव्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी तयार होऊ दिल्या नाहीत, त्यांना असमान आऱ्यांच्या चाकावर धावण्याचे नवे कौशल्य नीट शिकता आले नाही. मायलिन हे शिकण्याच्या प्रक्रियेत सहभागी असते, याचा हा महत्त्वाचा पुरावा आहे.

माणसांविषयीचे एक उदाहरण कोलंबियातील आहे. तेथे सशस्त्र लढा सोडून समाजात परतलेल्या माजी बंडखोरांपैकी काहींनी प्रौढ वयात प्रथमच वाचायला शिकण्यास आरंभ केला होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची तुलना निरक्षर राहिलेल्या साथीदारांशी केली गेली. साक्षर झालेल्यांच्या मेंदूत इतर काही फरकांबरोबर कॉर्पस कॅलोसमच्या मागील टोकाशी श्वेतद्रव्य अधिक आढळले. देजरीन यांच्या रुग्णाची वाट जेथे तुटली होती, तोच हा प्रदेश. एका ठिकाणी वाट गेल्याने वाचन गेले. दुसऱ्या ठिकाणी प्रौढ वयात वाचन आले आणि त्याच प्रदेशात श्वेतद्रव्य वाढलेले दिसले. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांत नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून मध्यम वयात अभ्यासाकडे वळलेले अनेक जण असतात. ‘आता या वयात काय डोक्यात शिरणार?’ हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला असेल, तर या निष्कर्षाकडे त्यांनी आवर्जून लक्ष द्यावे. वय वाढल्यावर शिकण्यास अधिक वेळ आणि अधिक आवृत्ती लागते, हे खरे. वाट बंद झालेली असते, हे खरे नाही.

समारोप

भाषिक चिन्ह म्हणजे ध्वनिप्रतिमा आणि संकल्पना यांचा संयोग, असे सोस्यूर यांनी सांगितले. हा संयोग मेंदूत एखाद्या बिंदूवर आपोआप होत नाही. ऐकणे, अर्थ जाणणे, उच्चारणे आणि वाचणे यांची क्षेत्रे एकमेकांपासून दूर असतात. श्वेतद्रव्यातील वाटा त्यांना जोडतात आणि मायलिनमुळे त्या वाटांवरून संदेश वेळेवर पोहोचतो. वाट तुटली तर केंद्रे शाबूत असूनही भाषेचे एखादे अंग गळून पडते. वाट वापरात आली तर ती प्रौढपणीही बदलते. यापुढे मेंदूची आकृती काढताना दोन वर्तुळांमधील रेषेलाही नाव द्या आणि तिच्याविषयी चार ओळी लिहा.

स्वाध्याय

१. मायलिनचे आवरण सलग नसून मध्ये गाठी का असतात, ते आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
२. संवहन-वाचाघात आणि उच्चारदोष यांतील फरक मराठी शब्दांची स्वतःची उदाहरणे देऊन सांगा.
३. ‘लिहिता येते पण वाचता येत नाही’ ही स्थिती कशी संभवते?
४. ‘भाषा केंद्रांत असते’ या विधानाची मर्यादा १५ ते २० ओळींत मांडा.
५. उपक्रम : ‘प, फ, ब, भ’ यांनी सुरू होणाऱ्या आणि केवळ आद्य वर्णाने भिन्न असणाऱ्या शब्दांच्या पाच जोड्या जमवा. प्रत्येक जोडी तोंडासमोर तळहात धरून मोठ्याने उच्चारा आणि जाणवणाऱ्या हवेतील फरक नोंदवा.